बार भरण्याआधी दहा वेळा विचार

सदर : घर आणि शिवार

मराठी माणूस बंदूक हातात धरो वा न धरो, तिची भाषा मात्र रोज बोलतो. काम फसले की ‘फुसका बार निघाला’ म्हणतो. लग्न उरकले की ‘बार उडवून दिला’ म्हणतो. आडून बोलणाऱ्याला ‘दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवू नकोस’ असे सुनावतो. ही सारी बोली त्या काळातली, जेव्हा प्रत्येक बार हाताने भरावा लागे. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी, मग छर्रे, आणि गजाने ठासायचे. म्हणून ती ठासणीची बंदूक. पुढे ‘काडतूस’ आले. हा शब्द आपण पोर्तुगिजांकडून घेतला. आपला तेलुगू शेजारी बंदुकीला ‘तुपाकी’ म्हणतो आणि काडतुसाला ‘तूटा’. शब्द वेगळे, धोका एकच.

हे आज आठवण्याचे कारण एका वाचक भगिनीचे पत्र. नाव-गाव छापू नका, अशी त्यांची विनंती आहे. पत्राचा सारांश असा : त्यांचे सासरे दीड वर्षापूर्वी वारले. त्यांच्या नावावर पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना होता. बंदूक अजून माजघरात खुंटीला आहे आणि कोनाड्यात दारूचा जुना डबा आहे. यंदा रानडुकरांनी मका लोळवला. धाकटे दीर म्हणतात, “वहिनी, मोबाईलवर सगळं दाखवतात. दारू मी आणतो, बार मीच भरतो. काडतुसंसुद्धा घरी भरता येतात.” घरात सात आणि चार वर्षांची दोन लेकरे आहेत. बाई विचारतात, “भाऊजींना काय सांगू? बाईमाणसाला बंदुकीतलं काय कळतं, असं म्हणतात ते.”

ताई, तुम्हाला जे खटकले ते बरोबरच आहे. मात्र भाऊजींना नुसते ‘नको’ म्हणून भागणार नाही. का नको, हे समजावून सांगावे लागेल. म्हणून आज थोडे सविस्तर लिहितो.

कुकरला शिट्टी असते, नळीला नसते

बंदुकीची दारू जळते तेव्हा तिचा क्षणात वायू होतो. तो वायू कोंडला जातो, त्याचा दाब वाढतो आणि तोच दाब गोळीला पुढे ढकलतो. स्वयंपाकघरातला कुकर डोळ्यांसमोर आणा. कुकरमध्ये वाफ जास्त झाली तर शिट्टी होते, शिट्टी अडली तर सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. बंदुकीच्या नळीला ना शिट्टी, ना व्हॉल्व्ह. दाब पेलला नाही तर नळीच फाटते, आणि ती फाटते कुठे? बार उडवणाऱ्याच्या गालाशी आणि डाव्या हाताशी.

आता दारूही एकाच जातीची नसते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. जुनी काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. ठासणीची बंदूक त्याच दारूसाठी घडवलेली. १८८४ साली पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने बिनधुराची दारू तयार केली. आजच्या काडतुसांत असते ती हीच. ती कोंडली गेली की फार वेगाने दाब वाढवते. काळ्या दारूच्या नळीत चुकून ही दारू गेली, तर मोजून थोडी घातली तरी नळीच्या चिंध्या होऊ शकतात. दोन्ही दारूंचे दाणे करडे-काळेच दिसतात. डब्यावर चिठ्ठी नसेल तर नुसत्या डोळ्यांनी ओळखायला जाऊ नये. कोनाड्यातल्या त्या जुन्या डब्यात काय आहे, हे ठाऊक असलेला माणूस आता राहिलेला नाही. ताई, तुमच्या घरातला सर्वांत मोठा धोका हाच आहे.

दुसरी गोष्ट, नळीतला अडथळा. खुंटीला टांगलेल्या बंदुकीच्या नळीत कुंभारमाशी मातीचे घर करते. आतून गंज धरतो. कधी आधीचा बार फुसका निघून छर्रे मध्येच अडकलेले असतात. त्यावर दुसरा बार उडवला की कोंडलेल्या वायूला वाट मिळत नाही. पुढचे सांगायला नको.

तिसरी गोष्ट सर्वांत फसवी. ठासणीच्या बंदुकीत बार भरलेला आहे की नाही, हे वरून दिसत नाही. काडतुसाची बंदूक मोडून आत पाहता येते, हिच्यात पाहता येत नाही. आत दारू कोरडी राहिली असेल तर ती वर्षानुवर्षे जिवंत राहते. आजोबांनी भरलेला बार नातवाच्या हातून उडू शकतो. म्हणून जाणकारांचा पहिला नियम एकच : प्रत्येक बंदूक भरलेली आहे असेच समजायचे.

जगात काडतुसे भरणारे काय पाळतात?

भाऊजींनी मोबाईलवर पाहिले ते अगदीच खोटे नाही. अमेरिकेत आणि इतर काही देशांत रायफलची काडतुसे घरी भरण्याचा छंद अनेकांना आहे. उडालेल्या काडतुसाचे पितळी कवच जपतात, त्यात नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी बसवतात. पण हा छंद तिथली शहाणी माणसे किती धाकात करतात, ते दोन-चार मिनिटांच्या चित्रफितीत दिसत नाही.

त्यांचे माप ‘ग्रेन’. आपल्याकडे जुन्या हिशेबाने तोळा १८० ग्रेनचा आणि तोळ्याच्या ९६ गुंजा. म्हणजे एक ग्रेन अर्ध्या गुंजेहून थोडा जास्त. सोनाराच्या काट्यावर जी मापे मोजतात, त्या मापात ही दारू मोजावी लागते. चिमटीचा अंदाज, झाकणाचे माप, ‘थोडी जास्त घातली तर लांब जाईल’ असला हिशेब तिथे चालत नाही. अमेरिकेत १९२६ पासून काडतुसांच्या दाबाची मानके ठरवणारी संस्था आहे. दारू आणि गोळ्या बनवणारे कारखाने तपासून तक्ते छापतात. छापील तक्त्यातल्या वरच्या मर्यादेपासून कुणी सुरुवात करत नाही. खालच्या मापाने सुरुवात करतात आणि वरची मर्यादा ओलांडत नाहीत. ऐकीव माप कुणी वापरत नाही, मग सांगणारा सख्खा भाऊ का असेना.

टेबलावर एका वेळी एकच दारूचा डबा. दारू तिच्या मूळ डब्यातच. काम करताना टीव्ही नाही, गप्पा नाहीत, फोन नाही, कारण एका कवचात चुकून दोनदा दारू पडली तर ते काडतूस बॉम्ब होते आणि अजिबात पडली नाही तर गोळी नळीत अडकते. डोळ्यांवर चष्मा, जवळपास विडी-सिगारेट नाही, विस्तव नाही. प्रत्येक खेपेची वहीत नोंद. शिसे हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय तोंडात घास नाही. शिसे पोटात गेले तर मोठ्यांना त्रास होतो, आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीलाच ते मारक ठरते. तिथे इतकी शिस्त पाळूनही अपघात होतात. आपल्या भाऊजींपाशी तपासलेला तक्ता नाही, मानक दारू नाही आणि काटाही नाही. आहे तो फक्त मोबाईल.

आणखी एक. ऑलिंपिकमध्ये आपल्या मराठी मुलाने पदक आणले, म्हणून अनेक तरुणांना रायफलचे वेड लागले आहे. चांगलेच आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला ५० मीटर रायफलच्या तीन पवित्र्यांच्या प्रकारात कांस्यपदक जिंकले. त्याआधी २०१० साली कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या. पण या प्रकारात वापरतात ते पॉइंट बावीसचे काडतूस कारखान्यातूनच येते. त्याची पेट घेणारी रसायने कवचाच्या कडेतच भरलेली असतात. ते एकदा उडाले की उडाले, पुन्हा भरण्यासाठी ते बनवलेलेच नाही. मोठे नेमबाज व्हायला घरी काडतूस भरता आले पाहिजे, हा गैरसमज मनातून काढून टाकावा.

कारखान्यातसुद्धा दारू माफ करत नाही

आपल्या देशाने काडतुसांची किंमत फार मोठी मोजली आहे. १८५७ साली एनफिल्ड रायफलची कागदी काडतुसे शिपायांना दातांनी फोडून बार भरावा लागे. त्यावरच्या चरबीची वार्ता पसरली आणि मार्चमध्ये बराकपूर, तर १० मे रोजी मेरठ पेटले. त्याच धामधुमीत आपल्या निर्मळच्या मुलखात रामजी गोंड लढले.

पुण्याजवळचा खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा, जळगाव जिल्ह्यातला वरणगावचा १९६४ सालचा. २०२१ च्या १ ऑक्टोबरपासून हे दोन्ही म्युनिशन्स इंडिया या पुण्यात मुख्यालय असलेल्या सरकारी कंपनीकडे आहेत. तिथे तपासनीस आहेत, सुती कपडे आणि खास जोडे आहेत, अंतरे ठरलेली आहेत, एका खोलीत किती माणसे आणि किती माल याची पाटी आहे. तरीही २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला आणि अनेक कामगार गेले. ज्यांनी उभी हयात या कामात घालवली त्यांच्या बाबतीत असे घडते. मग माजघरातल्या पाटावर काय घडेल?

कायदा दोन्ही तीरांवर एकच

पैनगंगेच्या अलीकडे तेलंगणा, पलीकडे महाराष्ट्र. किनवट आणि राजुरा १९५६ पर्यंत आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात होते, त्यामुळे सोयरीक अजून दोन्हीकडे आहे. पण शस्त्र कायदा १९५९ चा, दोन्ही तीरांवर एकच. त्यातल्या वाचकांच्या कामाच्या गोष्टी सांगतो.

कलम १३ मध्ये शेतकऱ्याचा विचार केलेला आहे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद तिथे स्पष्ट आहे. म्हणजे परवाना मागायला संकोच करण्याचे कारण नाही. पण तो परवाना ज्याच्या नावावर, त्याचाच. तो वडिलांकडून मुलाकडे सातबाऱ्यासारखा आपोआप येत नाही.

बंदुकीचा परवाना म्हणजे काडतुसे बनवण्याचा परवाना नव्हे. बंदुका व काडतुसे बनवण्यासाठी कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो. तो नसताना कुणी हा उद्योग केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा कमीत कमी सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप. मोबाईलवरच्या परदेशी माणसाला त्याच्या देशाचा कायदा लागू आहे, आपल्याला आपला.

बंदूक घेऊन नदी ओलांडणाऱ्यांनी परवान्यावर कोणते क्षेत्र लिहिले आहे ते आधी वाचावे. जिल्ह्यापुरता परवाना असेल तर पलीकडच्या पाहुण्याच्या शेतात ती बंदूक बेकायदा ठरते. कवाल असो की टिपेश्वर, अभयारण्याच्या हद्दीत लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही. आणि रानडुक्कर शेतात शिरले तरी वन्यजीव कायद्याखाली अधिकाऱ्याची परवानगी नसताना त्याला मारणे हा गुन्हाच आहे. हातातली बंदूक परवान्याची आहे, एवढ्याने सुटका होत नाही.

लग्नात, वरातीत, जत्रेत हौसेने बार काढणाऱ्यांसाठीही २०१९ च्या दुरुस्तीत तरतूद आली आहे. दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असा बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर गेलेला छर्रा खाली येतोच, आणि कुणाच्या डोक्यावर येईल ते पत्रिकेत लिहिलेले नसते.

घरात परवान्याची बंदूक असेल तर

हे कात्रण कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवावे.

१. बंदूक घरात येताना रिकामी. भरलेली बंदूक उंबऱ्याच्या आत कधीच नको.

२. बंदूक कुलुपात. दारू, टोप्या, काडतुसे वेगळ्या कुलुपात. किल्ली परवानाधारकाकडे. देवघर, धान्याची कोठी, चुलीची खोली आणि मुलांचा हात पोचेल तो कोनाडा या जागा वर्ज्य.

३. नळीचे तोंड कुणाकडेही करायचे नाही, थट्टेतही नाही. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर.

४. बार उडाला नाही तर बंदूक खाली करून नळीत डोकावू नये. काही वेळा दारू उशिराने पेट घेते. नळी मोकळ्या, निर्धोक दिशेला धरून निदान मिनिटभर थांबावे.

५. हललेल्या झुडपावर बार नाही. जागलीला गेलेला शेजारी, सरपणाला गेलेली बाई, चुकलेले वासरू, अंधारात सगळेच झुडूप हलवतात. काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे, हे दिसल्याशिवाय चापावर बोट नाही.

६. दारू पिऊन बंदुकीला हात नाही. दोन्ही दारूंचे एका घरात जमत नाही.

७. ओलसर, हिरवट पडलेली काडतुसे उन्हात किंवा चुलीजवळ वाळवू नयेत, पक्कडीने उघडू नयेत, भंगारात देऊ नयेत. ठाण्यात जमा करावीत. रानात, नाल्यात मुलांना काडतूस किंवा गोळा सापडला तर हात न लावता मोठ्यांना सांगायचे, हे शाळेत जाणाऱ्या प्रत्येक लेकराला शिकवावे.

८. खंडेनवमीला शस्त्रपूजा जरूर करावी. पण बंदूक पाटावर ठेवण्याआधी ती रिकामी असल्याची खात्री परवानाधारकाने करावी, आणि तिच्याजवळ निरांजन व उदबत्ती ठेवू नये. लांबून ओवाळले तरी पूजा पोचते.

ताई, आता तुमच्यासाठी

तुमच्या सासऱ्यांच्या मागे ती बंदूक घरात ठेवायला आज कुणाचाही परवाना नाही. कायद्याच्या कलम २१ प्रमाणे असे शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचे असते. दीड वर्ष झाले म्हणून घाबरून आणखी लपवू नका. जितका उशीर, तितके उत्तर देणे अवघड.

मात्र बंदूक आणि तो डबा पिशवीत घालून एसटीने ठाण्यात नेऊ नका. ती भरलेली आहे असेच समजा. गज घालून बार बाहेर काढण्याचा प्रयत्न करू नका, डबा उघडू नका, हलवू नका, विहिरीत किंवा उकिरड्यात फेकू नका. मुलांना त्या खोलीत जाऊ देऊ नका, खोलीला कुलूप लावा. सरपंच किंवा पोलीस पाटील यांना बरोबर घेऊन ठाण्यात आधी कळवा, जुना परवाना व मृत्यूचा दाखला दाखवा, आणि ‘बंदूक भरलेली असू शकते, जुनी दारूही आहे’ असे स्पष्ट सांगून त्यांनाच माणूस पाठवायला सांगा. जमा केल्याची पावती घ्या आणि जपून ठेवा. घरातल्या कुणाला पुढे पिकासाठी परवाना हवा असेल तर त्याने स्वतःच्या नावाने रीतसर अर्ज करावा. तो मिळाला तर सासऱ्यांची बंदूक परत मागता येते. नाही मिळाला तर रीतसर विकता येते. ती सरकारजमा होते म्हणून कुणी रडत बसू नये.

राहिला मका. रानडुकरांचा त्रास खरा आहे. जागल करून सकाळी बांधावर आल्यावर आडवे पडलेले पीक पाहणाऱ्याचा संताप आम्हांला कळतो. पण त्या संतापात गावठी बॉम्ब ठेवणारे आणि कुंपणात वीज सोडणारे यांचे पुढे काय होते, तेही या भागाने पाहिले आहे. डुक्कर सुटते, गुराखी सापडतो. ताडोबा, टिपेश्वर आणि कवाल यांच्यामधून वाघांची ये-जा आहे. एखादा वाघ त्या तारेत गेला तर सगळे गाव चौकशीत अडकते. नुकसान झाले की लगेच फोटो काढा, वन खात्याकडे लेखी अर्ज द्या, पंचनामा मागा. चार शेतकऱ्यांनी मिळून पाळीने जागल करावी. डबे, फटाके, उजेड, बांधाची जाळी या उपायांना वेळ लागतो आणि ते एकट्याने होत नाहीत, म्हणून गावाने एकत्र बसणे भाग आहे.

भाऊजींना एवढेच विचारा : “कारखान्यातल्या काडतुसामागे तपासनिसाची सही असते. तुम्ही भरलेल्या बारामागे कुणाची?” त्यांच्याजवळ उत्तर नसेल तर उद्याच ठाण्याची वाट धरायला सांगा. आणि बाईमाणसाला बंदुकीतले काय कळते, असे पुन्हा म्हणाले, तर हा अंक त्यांच्यापुढे ठेवा. नेम कसा धरायचा हे तुम्हाला ठाऊक नसेल. पण ती बंदूक ज्या खोलीत आहे, त्याच घरात आपली लेकरे झोपतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. बंदुकीबाबतच्या सगळ्या नियमांची सुरुवात तिथूनच होते.

वाचकहो, तुमच्या घरी, भावकीत किंवा शेजारी अशी वारशाची बंदूक खुंटीला असेल, तर पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत थांबू नका. या आठवड्यातच ठाण्यात कळवा.